टाके निघाल्यानंतरचं दुखणं

(मौदा येथे आपल्या मिशनच्या आरोग्यसेवक शिबिरात केलेल्या भाषणाचा हा मजकूर. भाषणात ज्या रुग्णांचा उल्लेख आला आहे त्यांची नावे व गावे मुद्दाम दिलेली नाहीत.)



मी डॉक्टर नाही, हे आधी सांगून टाकतो. सत्तावीस वर्षं आश्रमशाळेत शिकवलं, निवृत्तीनंतर मौद्यात घर केलं, आणि आता महिन्यातून दोन शुक्रवार आपल्या गाडीबरोबर जंगलाकडच्या टोल्यांवर जातो. मला आज इथं बोलायला उभं केलं आहे त्याचं कारण माझ्या शर्टाच्या आत आहे. पाच वर्षांपूर्वी नागपुरात माझी बायपास झाली. तीन ग्राफ्ट घातले. ऑपरेशन उत्तम झालं. आणि माझी छाती आजही दुखते.

ही दोन्ही वाक्यं एका दमात ऐकली की लोक गोंधळतात. उत्तम झालं तर दुखतं कसं, आणि दुखतं तर उत्तम कसं? माझे व्याही हाच प्रश्न दर दिवाळीला विचारतात. यात त्यांचा दोष नाही, थोडा आपल्या भाषेचा आहे. आपण वेदनेलाही दुखणं म्हणतो आणि आजारालाही दुखणंच म्हणतो. आजारी माणूस तो दुखणाईत. बरा झाला की म्हणतो, दुखण्यातून उठला. म्हणजे जोवर काही दुखतंय तोवर माणूस उठलाच नाही, असं आपल्या मनात आपोआप बसतं. बायपास झालेल्या माणसाला हा एक शब्द फार छळतो. त्याचं एक दुखणं गेलेलं असतं आणि दुसरं दुखणं शिल्लक असतं. ही दोन वेगळी आहेत हे त्याला कुणीतरी सांगावं लागतं. टोल्यावर ते सांगणारे तुम्ही आहात, म्हणून हा विषय.

शहराचा आजार आहे, आपल्या भागात कशाला, असं कुणाच्या मनात असेल तर सांगतो. डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखाली आदिवासी आरोग्यावर जी तज्ज्ञ समिती होती, तिचा अहवाल २०१८ साली आला. त्यात म्हटलं आहे की आदिवासी प्रौढांपैकी दर चौघांत एकाला उच्च रक्तदाब आहे. गडचिरोलीत 'सर्च'ने ८६ गावांत मृत्यूंची कारणं शोधली तेव्हा पहिल्या क्रमांकावर पक्षाघात निघाला. जो रक्तदाब मेंदूची नस फोडतो किंवा बुजवतो तोच हृदयाच्याही नसा खराब करतो. त्यात आपल्याकडे खर्रा. सकाळी चहाच्या आधी खर्रा घोटणारी पोरं मी रोज बघतो. तेव्हा छातीवर उभा व्रण असलेला माणूस तुम्हाला टोल्यावर भेटणार, आजच भेटत असेल.

आता छातीत नेमकं काय करतात ते सांगतो, कारण ते कळल्याशिवाय दुखणं कळत नाही. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या नसा बुजल्या की त्या साफ करत बसत नाहीत, बाजूनं नवी वाट काढतात. कालव्यात गाळ साचला तर शेजारून चारी खोदून पुढे पाणी सोडावं तसं. ही पद्धत रूढ करणारे डॉ. रेने फावालोरो अर्जेंटिनाचे. १९६७ साली अमेरिकेत क्लीव्हलँडला त्यांनी पायाची शीर काढून हृदयाला जोडली. पण मला त्यांच्याबद्दल जास्त आवडतं ते वेगळंच. त्याआधी बारा वर्षं हा माणूस आपल्या देशातल्या एका आडगावी साधा डॉक्टर होता. गावकऱ्यांना शिकवायचा, बाळंतपणं करायचा, बालमृत्यू कमी व्हावेत म्हणून खपायचा. म्हणजे तुमच्यातलाच. भारतात पहिली बायपास १९७५ साली मद्रासला पेरांबूरच्या रेल्वे रुग्णालयात डॉ. के. एम. चेरियन यांनी केली. तेव्हा ती वर्तमानपत्रात छापण्यासारखी गोष्ट होती, आज नागपुरात ते रोजचं काम आहे.

रोजचं असलं तरी काम जबर आहे. छातीचं मधलं हाड वरपासून खालपर्यंत करवतीनं उभं कापतात. दोन्ही बाजू फाकवून ठेवतात, तासन् तास. त्या ताणानं फासळ्यांचे मागचे सांधेसुद्धा कुरकुरतात, म्हणून पुष्कळांची पाठ आणि खांदे छातीपेक्षा जास्त धरतात. मग छातीच्या आतल्या बाजूला, हाडाच्या डावीकडून एक धमनी खाली उतरते, ती सोडवून हृदयाला जोडतात. ही धमनी फार गुणाची. दहा वर्षांनी बघितलं तर दहांपैकी नऊ जणांत ती वाहती सापडते. पायातून काढलेल्या शिरांचं तसं नाही, तेवढ्या काळात त्यांतल्या जवळपास निम्म्या बंद तरी होतात किंवा अरुंद तरी. पण त्या गुणी धमनीची किंमत अशी, की ती सोडवताना तिच्या आजूबाजूच्या, फासळ्यांमधून येणाऱ्या बारीक नसा, रक्ताच्या नव्हे, संवेदनेच्या, ताणल्या जातात, काही तुटतात. शेवटी हाड पुन्हा जुळवून स्टीलच्या तारांनी आवळतात. सहसा सहा ते आठ तारा. त्या काढत नाहीत, जन्मभर आत राहतात. पायातली शीर काढतात तिथंही लांब चीर असते, आणि घोट्याच्या आतल्या बाजूला बधिरपणा राहतो.

हे सगळं झाल्यावर आठव्या-दहाव्या दिवशी माणूस घरी येतो. निघताना कागदांची फाईल, गोळ्यांची पिशवी, आणि पाच मिनिटांत सगळ्या सूचना. मीठ कमी, तेल कमी, गोळ्या चुकवू नका. माझ्या फाईलमध्ये सगळं होतं, फक्त 'दुखेल' हे कुठं लिहिलेलं नव्हतं. किती दिवस दुखेल, कसं दुखेल, कुठलं दुखणं चालवून घ्यायचं आणि कुठल्यासाठी धावायचं, हे कुणी बोललं नाही. ते लोक कामाच्या रेट्यात असतात, मी समजू शकतो. पण रुग्ण रात्री दोन वाजता एकटा असतो.

माझ्या बाबतीत हाड अडीच महिन्यांत जुळलं. तोवर खोकला आला की उशी छातीशी घट्ट धरायची, शिंक आली तरी तेच. उठताना हातांवर भार द्यायचा नाही, कुशीवर वळून पाय खाली सोडून उठायचं. पाण्याची बादली नाही, दुचाकी नाही. हे सर्वांना सांगतात आणि बहुतेक जण पाळतातही. तीन महिन्यांनी मी कन्हानच्या रस्त्यानं चालायला लागलो, औष्णिक केंद्राच्या चिमण्या दिसतात तिथपर्यंत आणि परत. धाप नाही. ऑपरेशनच्या आधी हाच रस्ता निम्म्यावर मला बसवायचा, छातीवर कुणी जात्याची पाळी ठेवल्यासारखं व्हायचं. ते गेलं ते गेलंच.

पण नवं आलं. डाव्या स्तनाच्या भोवती हाताच्या पंजाएवढी जागा बधिर, आणि त्या बधिर जागेच्या कडेला आग. मिरची कांडल्यावर हातांची होते तशी. शर्टाचं कापड घासलं तरी नको व्हायचं, आणि घट्ट दाबलं तर मात्र बरं वाटायचं. गाडीचा पट्टा नेमका तिथूनच जातो. थंडीत मधल्या हाडावर एक जागा ठणकते, तिथं तारेचं टोक असावं. आणि अधूनमधून, काही कारण नसताना, सुई टोचून काढल्यासारखी चमक. एक क्षण, की गेली. पहिल्या वर्षी त्या एका क्षणानं मी घामाघूम व्हायचो. चमकेनं नव्हे, तिच्या अर्थानं. आता ग्राफ्ट गेला, आता परत ती करवत, आता पैसे कुठून. ही, म्हणजे माझी बायको, दिवा लावून माझ्या तोंडाकडे बघत बसायची. पुढे आमच्यात त्याचा विनोद झाला. मी रात्री कण्हलो की ती विचारते, "तार आली का?" सरकारनं २०१३ साली तार बंद केली, माझी चालू आहे.

हे माझ्या एकट्याचं नाही. हृदयाच्या शस्त्रक्रिया झालेल्या लोकांना विचारून केलेले अभ्यास आहेत. पहिल्या सहा महिन्यांत साधारण तिघांमागे एकाला काही ना काही दुखत असतं, आणि दोन वर्षं उलटल्यावरही सहा-सात जणांमागे एकाला. बहुतेकांचं हळूहळू सौम्य होत जातं. म्हणजे तुम्ही दहा बायपासवाल्यांच्या घरी गेलात तर एक-दोन माझ्यासारखे नक्की निघतील, आणि ते तुम्हाला आपणहून सांगणार नाहीत. घरच्यांनी बकऱ्या विकून, धावपळ करून ऑपरेशन केलेलं असतं. त्यांच्यापुढे अजून दुखतंय म्हणायची माणसाला लाज वाटते.

इथून पुढचं नीट ऐका, कारण तुमचं काम इथं आहे. 'छाती दुखते' एवढ्यावर थांबू नका. आपल्या मराठीत वेदनेला जेवढे शब्द आहेत तेवढे बहुतेक डॉक्टरांच्या पुस्तकात नसतील. आग, चमक, कळ, ठणका, ठुसठुस, रग, ओढ, टोचणी, मुंग्या, दडपण, आवळणं, भरून येणं. हे शब्द म्हणजे नुसती वर्णनं नाहीत, प्रत्येक शब्द वेगळ्या दाराकडे बोट दाखवतो. आग, मुंग्या, सुईसारखी चमक, कापड सोसत नाही, असं म्हणणाऱ्याची संवेदनेची नस दुखावलेली असते. बोटानं जागा दाखवता येते, दाबलं की वाढतं, कूस बदलली की, खोकलं की, हात वर केला की वाढतं, असा ठणका हाडाचा, तारेचा, फासळीच्या सांध्याचा. आणि दडपण, आवळल्यासारखं, भरून आल्यासारखं, ओझं ठेवल्यासारखं असं जो म्हणतो, एका बोटानं जागा न दाखवता पूर्ण पंजा किंवा मूठ छातीवर ठेवतो, चढण चढताना किंवा भारा उचलताना येतं आणि बसलं की पाच-दहा मिनिटांत ओसरतं असं सांगतो, त्याच्या बाबतीत हृदयाचा विचार आधी करायचा. जबड्यात, डाव्या हातात, पाठीत जाणारं असेल तर आणखीच.

गोंडी बोलणाऱ्या आजीला हे शब्द मराठीत विचारून उपयोग नाही. तिला तिच्या भाषेत विचारा, नाहीतर हातानं दाखवायला सांगा. हात खोटं बोलत नाही. बोट की पंजा, एवढंच बघा.

यात एक मोठी सोय अशी की बायपास झालेल्या माणसाला हृदयाचं दुखणं ओळखीचं असतं. त्यानं ते आधी भोगलेलं आहे. म्हणून त्याला विचारायचा सर्वांत चांगला प्रश्न हा: "ऑपरेशनच्या आधी जे व्हायचं, तसंच आहे का हे?" तो "हो, तेच" म्हणाला तर गॅस असेल, पित्त असेल, दगदग झाली असेल, असलं काही बोलत बसू नका. पण "नाही" म्हणाला म्हणून निर्धास्तही होऊ नका. मधुमेह असलेल्यांना कधी कधी दुखतच नाही, नुसती धाप लागते, घाम सुटतो, गळून जायला होतं. तेवढंही पुरे आहे.

दोन माणसं सांगतो. दोघंही आपल्याच भागातली.

पहिला पंचेचाळिशीचा शेतकरी. योजनेतून नागपुरात बायपास झाली, सुखरूप घरी आला. सहा महिने झाले तरी डावी बाजू बधिर आणि आग. त्याला कुणीतरी सांगितलं, हाड जुळलंच नाही, ऑपरेशन फसलं. भुमकाकडे गेला. त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही, भुमका त्याच्या अंगणात बसून त्याचं तासभर ऐकून घेतो, तेवढं ऐकणारा त्याला दुसरा कुणी मिळाला नव्हता. पण त्यानं एक केलं, सगळ्या गोळ्या बंद केल्या. त्याचा हिशेब सरळ होता: गोळ्या दुखण्यासाठी दिल्या, दुखणं थांबत नाही, मग गोळ्या कशाला? तुमच्यापैकी जी ताई तिकडे जाते, तिनं त्याला धानाच्या बांधीत काम करताना बघितलं. दिवसभर वाकून रोवणी करतो, धाप नाही, दडपण नाही, आणि घरी येऊन बनियन घालायला तयार नाही. तिनं मला फोन केला आणि एवढंच म्हणाली, "गुरुजी, याला तुमच्यासारखं आहे."

आम्ही त्याला गाडीतून नेलं. तपासणीत ग्राफ्ट वाहते निघाले, हाड जुळलेलं होतं. डॉक्टरांनी नसेच्या आगीसाठी वेगळी गोळी लिहून दिली, रात्रीची. ती साधी वेदनाशामक नसते, हळूहळू चढवावी लागते आणि गुण यायला आठवडे लागतात, हे त्याला घसा ताणून समजावलं. पण खरा फरक पडला तो परत येताना. गाडीत मी शर्टाची बटणं काढून त्याला माझी छाती दाखवली. त्यानं माझ्या व्रणाच्या डाव्या बाजूला बोट लावून विचारलं, "इथं?" मी म्हटलं, "इथंच." मग तो बराच वेळ काही बोलला नाही. रामटेकच्या पुढे गेल्यावर म्हणाला, "म्हणजे मी मरत नाही."

तो सहा महिने त्याच समजुतीत जगत होता.

दुसऱ्या एक बाई. बायपासला नऊ वर्षं झालेली, तब्येत ठणठणीत. मोह वेचायच्या दिवसांत टोपली घेऊन चढ चढताना छाती भरून यायला लागली. बसलं की जायची. घरचे म्हणाले, तुझं तर ऑपरेशन झालंय, आता काय दुखणार? ही समजूत पहिल्यापेक्षा घातक. पायाच्या शिरेचा ग्राफ्ट नऊ-दहा वर्षांनी अरुंद होऊ शकतो, हे मघाशी सांगितलंच. तिचं तेच झालं होतं. वेळेत पोचली, स्टेंट बसला. आता मोह वेचते, पण टोपली नात उचलते. आपले दिवंगत पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांची पहिली बायपास १९९० साली झाली. २००४ मध्ये अँजिओप्लास्टी करावी लागली, आणि जानेवारी २००९ मध्ये एम्समध्ये दुसरी बायपास, मुंबईचे डॉ. रमाकांत पांडा यांच्या पथकानं केली. पुढे काही महिन्यांत निवडणूक झाली आणि ते पुन्हा पंतप्रधान झाले. गेले २०२४ च्या डिसेंबरात, ब्याण्णव वर्षांचे होऊन. तेव्हा ग्राफ्ट अरुंद झाला म्हणजे कारभार आटोपला असंही कुणाला वाटू देऊ नका. उशीर होऊ देऊ नका, एवढंच.

या दोघांमध्ये तुम्हाला उभं राहायचं आहे. एकाला सांगायचं, घाबरू नको. दुसरीला सांगायचं, घाबर आणि चल. आणि कुणाला काय सांगायचं हे तुम्ही ठरवायचं नाही, तुम्ही नीट विचारून डॉक्टरांपुढे न्यायचं. शंका असेल तिथं हृदय समजूनच वागायचं. ईसीजी फुकट होतो, ग्रामीण रुग्णालयात होतो.

आणखी काही दुखणी आहेत जी थांबत नाहीत. हाडातून खटखट वाजतं, दोन्ही बाजू हलल्यासारख्या वाटतात, व्रणातून पू किंवा पाणी येतं, ताप आहे: त्याच दिवशी दवाखाना. ऑपरेशननंतर काही आठवड्यांनी ताप येऊन आडवं झाल्यावर, दीर्घ श्वास घेतल्यावर छाती दुखते आणि पुढे वाकून बसलं की बरं वाटतं, असं कुणी सांगितलं तर हृदयाच्या आवरणाला सूज असू शकते. तिला औषध आहे, पण ओळखावी लागते. आपल्या भागात एक गोष्ट वेगळी लक्षात ठेवा. सिकलसेलचा रुग्ण छाती दुखते म्हणाला, ताप आणि धाप असेल, तर वय वीस असलं तरी तातडीनं हलवायचं. त्याचा बायपासशी संबंध नाही, पण छातीचा विषय निघाला म्हणून सांगितलं.

जिभेखालच्या गोळीबद्दल. सॉर्बिट्रेट बहुतेकांकडे असते, अनेकांकडे ती डब्यात पिवळी पडलेली असते. तारीख बघा. दडपण आलं की आधी खाली बसवायचं, मग गोळी जिभेखाली, कारण तिनं रक्तदाब उतरतो आणि उभा माणूस पडतो. पाच मिनिटांत ओसरलं नाही तर १०८. आपल्या टोल्यांवर फोन लागायला कुठल्या टेकाडावर जावं लागतं हे आधीच बघून ठेवा, त्या वेळी शोधत बसू नका.

आणि दुकानातली वेदनाशामकं. हे मी हात जोडून सांगतो. हाटाच्या दिवशी किराणा दुकानात सुटी मिळणारी, सांधेदुखीवाल्या शेजाऱ्यानं दिलेली, डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन यांसारखी औषधं हृदयाच्या रुग्णाला वर्ज्य समजा. अ‍ॅस्पिरिन आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असताना त्यांनी पोटातून रक्त जातं, मूत्रपिंड बिघडतं, हृदयावरचा धोका वाढतो. पॅरासिटामॉल ठरलेल्या प्रमाणात चालतं. रोजच्या गोळ्या, अ‍ॅस्पिरिन, कोलेस्टेरॉलची, रक्तदाबाची, या दुखणं थांबवायच्या गोळ्या नाहीतच. त्या नवी वाट वाहती ठेवायच्या आहेत. हे वाक्य तुमच्या भाषेत, गोंडीत, हलबीत, जशी जमेल तशी, पाठ करून ठेवा, कारण त्या शेतकऱ्याचा हिशेब करणारे पुष्कळ आहेत.

योजनेचं थोडक्यात. २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी नावानं आठ जिल्ह्यांत सुरू झाली, गडचिरोली त्यात होता. पुढच्या वर्षी राज्यभर आली, २०१७ पासून तिचं नाव महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना. बायपास त्यातून होते हे सर्वांना माहीत झालं आहे. ऑपरेशननंतरच्या ठरावीक पाठपुराव्याची सोयही त्यात आहे, हे फार थोड्यांना माहीत असतं. योजनेच्या दवाखान्यात आरोग्यमित्र म्हणून माणूस बसतो, त्याच्याशी फाईल घेऊन बोला. आणि फाईल पत्र्याच्या पेटीत ठेवायला सांगा, छपरात खोचायला नको. गेल्या पावसाळ्यात एकाची अँजिओग्राफीची सीडी उंदरांनी नेली.

मला स्वतःला काय उपयोगी पडलं तेही कुणी विचारेल. रात्रीची गोळी दीड वर्ष घेतली, मग डॉक्टरांनी कमी करत बंद केली. आतून मऊ सुती बनियन, उलटा घालायचा, शिवण बाहेर. गाडीच्या पट्ट्याखाली रुमालाची घडी. रोज चालणं, खांदे फिरवणं, कारण जखम जपायच्या नादात माणूस खांदे पुढे टाकून कुबडा होतो आणि मग पाठही धरते. मला तिघांनी डॉ. बंग यांचं 'माझा साक्षात्कारी हृदयरोग' भेट दिलं, विदर्भात हृदयरोग झाला की ते घरी येतंच. एक प्रत ठेवली, दोन शाळेला दिल्या. आणि महिन्यातून दोनदा टोल्यावर जाणं. तिथं जाऊन माझं दुखणं कमी होतं असं मी म्हणणार नाही. गाडीच्या हादऱ्यांनी त्या रात्री जरा जास्तच होतं.

मन उदास होतं, रडू येतं, चिडचिड होते, याबद्दलही विचारत जा. मोठाले बाप्ये बायपासनंतर भाकरीच्या ताटावर रडतात. काही महिने बहुतेकांना होतं. महिनोन्‌महिने टिकलं, झोप उडाली, गोळ्या नको म्हणायला लागला, तर तेही डॉक्टरांना सांगायचं, आणि त्याच्यासमोर सांगायचं, पाठीमागे नाही.

आता चहा आला आहे. चहानंतर दहा मिनिटं मी मागच्या खोलीत बसतो. ज्यांना व्रण बघायचा आहे त्यांनी यावं. बायांनीही यावं, मी पासष्टीचा म्हातारा आहे, लाजायचं कारण नाही. डोळे मिटून बसतो, तुम्ही कापसाच्या बोळ्यानं उजवीकडून डावीकडे हळूहळू या. जिथं मला कापूस कळेनासा होतो तिथं पेनानं खूण करा, आणि जिथं मी तोंड वाकडं करीन तिथं दुसरी. टोल्यावर गेल्यावर नस कुठून कुठं दुखावते ते तुमच्या बोटांना आठवेल. येताना हात धुऊन या, आणि खर्रा बाहेर थुंकून या.